पिशवीतले रंग

आम्ही म्हणजे दोघी जावा. एक उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवीपासून पुढच्या वर्गांना मराठी शिकवते, दुसरी घरी साड्यांना फॉल लावते. घर सोलापुरात, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, साड्यांची चवड, अम्मींची जानमाज आणि दोन लेकरं. मुन्नी दहा महिन्यांची, बाबू सव्वा वर्षाचा. शाळेच्या वेळात दोघांनाही धाकटीच सांभाळते. हे आधीच सांगितलेलं बरं. तान्ह्या मुलांना रंग खेळायला द्यावेत असं वाचणं वेगळं आणि गिऱ्हाइकाची पैठणी हातभर अंतरावर पडलेली असताना ते देणं वेगळं.

हातशिलाईच्या एका फॉलचे 60 रुपये मिळतात. एका साडीवर डाग पडला तर तो किती फॉलांनी भरून निघेल, हा हिशेब धाकटीला तोंडपाठ आहे. रंगाची गोष्ट निघाली तेव्हा ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "भाबी, इत्ते छोटे बच्चों को रंग कायकू?"

कायकू, याचं उत्तर तिच्याच उशाशी होतं. मोबाइल. बाबू रडायला लागला की समोर कार्टून लावायचं आणि सुईत दोरा ओवायचा. त्यात तिला दोष देण्यासारखं काही नाही. दोन लेकरं, एक हात सुईत, वर लग्नसराई. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये. पण मग कशापुढे बसवावं, हे तिला कोण सांगणार? मोबाइल काढून घेतला की बाबू फरशीवर डोकं आपटायचा. ते बघितल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं, मोबाइल सोडवायचा असेल तर त्याच्या जागी हातात दुसरं काहीतरी यायला हवं. आणि त्या 'दुसऱ्या'ने साडीला शिवता कामा नये.

पहिला प्रयोग झिपच्या पिशवीचा. फ्रिजरमध्ये मटण ठेवायला मिळते तसली जाड पिशवी घ्यायची. आत तिच्या मापाचा पांढरा पुठ्ठा सरकवायचा. पुठ्ठ्यावर पोस्टर कलरचे दोन-तीन ठिपके टाकायचे, लाल, पिवळा, जमल्यास निळा. हवा काढून झिप बंद करायची, त्यावर रुंद चिकटपट्टी दुहेरी लावायची आणि मग चारही कडा चिकटपट्टीने फरशीला पक्क्या चिकटवायच्या. मुन्नीला पोटावर पालथी घातली. तिने थापट मारली. लाल ठिपका पसरला. तिने हात उचलून तळवा बघितला. कोरडा! पुन्हा मारली. लाल पिवळ्यात शिरून नारिंगी झालं आणि ती अशी किंचाळली की आतल्या खोलीतून अम्मी धावत आल्या.

त्या दिवशी धाकटीचा अर्ध्या साडीचा फॉल झाला. तेव्हापासून आमच्या घरात हेच माप आहे. एक पिशवी म्हणजे अर्धी साडी. बाबूच्या बाबतीत पाव साडीच, कारण तो दाबण्यापेक्षा पट्टी सोलण्यात रमतो. त्यातही त्याची बोटं कामाला लागतात, त्यामुळे आमची तक्रार नाही.

पण पिशवी म्हणजे प्लास्टिक, हे विसरून चालत नाही. सुटी पिशवी तान्ह्याच्या हातात कधी द्यायची नाही. नाकातोंडावर बसली तर श्वास कोंडतो. चिकटलेली असली तरी मोठ्या माणसाने शेजारी बसायचं, खेळ संपला की उचलून उंच ठेवायची. बाबूला वर-खाली मिळून आठ दात आहेत. त्यामुळे त्याच्या वेळी नजर सुईपेक्षा पिशवीवर जास्त. मग पाव साडी का होते, ते आपल्याला कळलंच असेल.

दुसरा प्रयोग घरात अडला. पुस्तकांतून सुचवतात की मुलं सगळं तोंडात घालतात, तेव्हा दह्यात बिटाचा रस, हळद कालवून खायचे रंग करा. शाळेतल्या जावेने दही काढलं आणि अम्मींनी वाटी उचलून घेतली. "ये रिज़्क़ है. फर्श पे नक्को मलो." वाद झाला, नाही असं नाही. मुलं जेवताना खिचडी ताटभर फासतात, ते चालतं, मग हे का नाही? अम्मींचं म्हणणं, ते खाताना सांडतं, हे सांडायलाच काढलंय. या वाक्यावर बी.एड. झालेल्या जावेजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. दही आमच्याकडे मोजून लावलं जातं. ते फरशीवर फासून पुसताना आमचाही हात जड झाला असता. शिवाय ते पुसायचं कुणी? ज्या पसाऱ्याला इंग्रजी पुस्तकं मुलांचा आनंद म्हणतात, तो आमच्याकडे एक बादली पाणी असतो, आणि पाणी पिंपात भरून ठेवलेलं.

मार्ग अम्मींच्याच दारात सापडला. पुढच्या ओट्याला शहाबादी फरशी आहे. कोरडी असली की राखाडी, ओली झाली की काळीभोर. अर्धी वाटी पाणी, दाढीचा जुना ब्रश स्वच्छ धुऊन, आणि स्पंजचा तुकडा. बाबूने ब्रश मुठीत धरून फरशीवर ओढला, काळी रेघ उमटली. दुसरी ओढेपर्यंत सोलापूरच्या उन्हाने पहिली पिऊन टाकलेली. तो रेघ शोधत बसला. फरशीवर हात फिरवला, आमच्याकडे बघितलं, पुन्हा ब्रश बुडवला. डाग नाही, धुणं नाही, खर्च नाही. फक्त वाटीत पाणी थोडंच घ्यायचं आणि खेळ झाला की ओतून टाकायचं. उन्हाळ्यात फरशी आधी आपल्या तळव्याने तपासायची. सकाळी लवकर किंवा अस्रनंतर सावलीतच बसवायचं.

खरं सांगायचं तर आम्हाला पिशवीपेक्षा हा पाण्याचा खेळ उजवा वाटतो. रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेने रोममधल्या आपल्या शाळेत मुलांना बोटांनी रंगवायला लावलं आणि 1934 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात रंग आणि कातडी यांच्यामध्ये काही नसणं हाच मुद्दा होता. पिशवीत रंग दिसतो, लागत नाही. गारवा नाही, चिकटपणा नाही. पाण्यात निदान ओल आहे. तरी पिशवी आम्ही सोडलेली नाही. ती खोलीत, साडीशेजारी चालते, आणि धाकटीला हात तिथेच मोकळे हवेत.

ताराबाई मोदकांवर बी.एड.ला टीप लिहिली होती. 1945 साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षण सुरू केलं ते आसपास मिळेल त्याची साधनं करून. त्या टिपेचा उपयोग आत्ता झाला. प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत आतून कागद गुंडाळून लावायचा, दोन थेंब रंग, बाबूच्या काकाच्या जुन्या पाच गोट्या. झाकण घट्ट, वर चिकटपट्टी. मुलाला तो खुळखुळाच. तो हलवतो, गडगडवतो, आत गोट्या रंगाच्या वाटा काढतात. गोट्या मोजून टाकायच्या आणि मोजून काढायच्या. एक जरी घरात निसटली तर ती मुन्नीच्या घशाशी जाणार.

माळ्यावर ऑइलपेंटचा जुना डबा होता. "तो वापरा की," असं घरातूनच कुणीतरी सुचवलं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत असावं हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. डबा त्याच्या कितीतरी आधीचा. तो तिथेच राहिला.

शेजारच्या खालांना कागद दाखवले तर त्यांनी विचारलं, मुलांकडून तस्वीर काढून घेणं बरं का? आम्ही काही बोलायच्या आत अम्मीच म्हणाल्या, "तस्वीर किधर है? खाली रंग तो है." मग एक कागद त्यांनी स्वतः भिंतीवर लावला. उलटा की सुलटा, हे कुणालाच ठरवता आलं नाही.

पिशवी दाबली म्हणून पुढे अक्षर सुधारेल असं आम्ही म्हणत नाही. पाचवीत येणारी मुलं पेन कसं धरतात ते रोज बघणाऱ्या माणसाने असली वचनं देऊ नयेत. मोबाइलही पुरता सुटलेला नाही. ईदच्या आधीच्या आठवड्यात साड्या छातीएवढ्या साठतात, तेव्हा कार्टून लागतंच. पण आता बाबू रडला की उशीकडे बघत नाही. दाराकडे बोट दाखवतो, ओट्याकडे. आणि धाकटी सुई पदराला टोचून अर्धी वाटी पाणी काढायला उठते.