हात चांगला आहे तुमचा

“हात चांगला आहे तुमचा,” असं मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, आणि त्याच वाक्यापाशी माझी ती नोकरी गेली, असं मी अजून मानते. आई म्हणते, सोड आता. पण कुणी कामाचं कौतुक केलं की मला आधी शंका येते, ती तेव्हापासूनच.

जालन्याच्या माणसाला बियाणं कंपनी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको काढली, 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला आणि मधल्या काळात आजूबाजूला बियाण्याचा धंदा चांगलाच फोफावला. मी गेले ती वेगळीच कंपनी, नाव सांगत नाही. जागा होती उत्पादन अधिकाऱ्याची. मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी अ‍ॅग्री. वडील मोंढ्यात हमाल, आई सीझनला सीड प्लॉटवर रोजाने, घर जुना जालन्यात.

तयारी मी जोरात केली होती. 1966 चा बियाणे कायदा, 1983 चा नियंत्रण आदेश, संकरित कापसाच्या बियाण्याची भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, विलगीकरण अंतर, सगळं तोंडपाठ. एका पुस्तकात लिहिलं होतं, मुलाखतीला नखं कापून जावं. तीही कापली. मुलाखतीच्या दिवशी पहाटेच नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येईल याचा नेम नाही, त्यामुळे ते आलं की घरातल्या सगळ्यांची मुलाखत रद्द! टाकी, ड्रम, हंडे भरता भरता ड्रेसची इस्त्री राहिली. ती शेजारच्या खालाने करून दिली. रिक्षाने एमआयडीसीत पोचले तेव्हा ओढणी कडक आणि चपला ओल्या.

सकाळची मुलाखत लांबत लांबत दुपारवर गेली. आत मुलाखत घेणारे तिघे होते, समोर आम्ही उमेदवार. प्रश्न ओळखीचेच आले. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस कोणता? हायब्रीड-4, डॉ. सी. टी. पटेल, सूरत, 1970. बीटी कापसाला परवानगी कधी? मार्च 2002. मी खुशीत होते. मग मधले साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, “चला, बाहेर प्लॉटवर जाऊ. जरा क्रॉसिंग करून दाखवा.”

आम्ही उमेदवार एकमेकांकडे बघायला लागलो. कारण क्रॉसिंग पुस्तकात चार ओळींत असतं आणि कॉलेजच्या प्रात्यक्षिकात एखाद्या कळीवर उरकतं. प्रत्यक्षात ते असं असतं: कापसाची उद्या सकाळी उमलणार असलेली कळी आज दुपारनंतर ओळखायची. पाकळ्यांचं टोक जरा वर आलेलं असतं, रंग फिका पिवळसर. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख रोवायचं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी एका पिळात उपसायची. आत फक्त इवलीशी कच्ची बोंडी आणि तिच्यावरचं स्त्रीकेसर राहिलं पाहिजे. नख जरा खोल गेलं की बोंडी जखमी होते आणि गळते. नळीचा तुकडा राहिला तर कळी स्वतःच्याच परागाने फळते आणि बियाणं अशुद्ध. सोललेल्या कळीला लाल कागदाची खूण लावायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिला घासायचा. हे यंत्राने होत नाही. आपल्याकडे संकरित कापूस एवढा पसरला तो बायकांच्या अशा अंगठ्यांवर. मजुरी महाग असलेल्या देशांना हे परवडतच नाही.

मी शाळेत असताना सुट्टीत आईबरोबर हे काम केलेलं. आता कंपन्यांच्या करारात लहान मुलं लावू नयेत असं लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हा केलं होतं आणि बोटांना ते आठवत होतं. नख कापलेलं, तरी कडेच्या उरलेल्या टोकाने मी ओळ धरली. कळीमागून कळी, लाल कागद, पुढची कळी. माझ्या शेजारचा मुलगा चांगला हुशार, उत्तरं माझ्यापेक्षा ऐटीत देणारा. त्याने पहिल्याच दोन-तीन बोंड्या चिरल्या आणि हसून म्हणाला, “सर, हे लेबरचं काम.” साहेबही हसले.

मग ते माझ्या ओळीपाशी आले, एक कळी उलटी करून पाहिली आणि ते वाक्य म्हणाले. “कुठे शिकलात?” मी खरं सांगितलं. आई रोजाने जाते, तिच्याबरोबर मीही केलंय. मला वाटलं, याच्याहून मोठं प्रमाणपत्र काय असणार?

परत एकेकटं आत गेल्यावर बोलण्याचा सूरच बदलला. कायदा, शुद्धता, काही नाही. गाडी चालवता येते का? संध्याकाळी उशीर होतो, घरचे सोडतील का? लग्नाचं काय? आणि शेवटी, अगदी प्रेमाने, “तुम्ही असं करा, सीझनपुरतं आमच्या क्रॉसिंगच्या बायांवर देखरेख करा. तुमचं त्यांच्याशी जमेल. रोज चांगला देऊ.” उत्पादन अधिकारी झाला तो बोंड्या चिरणारा मुलगा.

मी या दृश्याचा फार विचार केला आहे. गाडीचा प्रश्न चुकीचा नव्हता. प्लॉट आडवाटेला असतात, कळ्या सोलणं दिवस मावळेपर्यंत चालतं, आणि अधिकाऱ्याला गावोगाव फिरावं लागतं. पण तो प्रश्न त्या मुलाला विचारला का, हे मी त्याला बाहेर विचारलं. “नाही,” तो म्हणाला. लग्नाचाही नाही. आणि देखरेखीचं काम हलकं आहे असंही मला म्हणायचं नाही, प्लॉटचा निकाल तिथेच ठरतो. राग याचा की काम येत नाही तो अधिकारी आणि काम येतं ती मजूर, हा हिशोब त्या तिघांना खटकलाच नाही. मी नीट करून दाखवलं नसतं तर कदाचित मला मार्क जास्त पडले असते!

घरी आईने विचारलं, “काय इचारलं गं?” मी सांगितलं. ती बराच वेळ माझा अंगठा बघत होती. मग म्हणाली, “कळ्या बऱ्या सोलल्या ना?” मला तिचाही राग आला.

गल्लीतल्या पोरी मुलाखतीला जाताना विचारायला येतात, तेव्हा मी ठासून सांगते: मजुरी लपवू नका, तेच तुमचं शिक्षण आहे. मी मात्र पुढच्या कंपनीत “घरी शेती” एवढंच सांगितलं. शेती आमच्याकडे गुंठाभर नाही. तिथे गुणवत्ता विभागात लागले आणि अजून आहे. आईला ते खोटं आवडलं नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता माझ्याकडे बियाण्याचे नमुने येतात, ते लावून झाडं उगवल्यावर संकरित किती आणि भेसळ किती ते मोजायचं. संकरित कापसाला 90 टक्के आनुवंशिक शुद्धता लागते. त्याखाली गेलं की लॉट बाद आणि शेतकऱ्याचे पैसे अडकतात. बाद लॉटवर चर्चा होते तेव्हा शेतकऱ्याचं नाव निघतं, कंपनी आणि शेतकरी यांच्या मधल्या ऑर्गनायझरचं निघतं. कळ्या कुणी सोलल्या हे कुणी विचारत नाही. चांगल्या लॉटलाही नाही.

मुलाखती घेणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे. उमेदवाराला प्लॉटवर नेऊन क्रॉसिंग करायला लावता, ती पद्धत चांगली आहे, ती बंद करू नका. फक्त त्याचे मार्क धरा. आणि अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात कुणी पोरीने आईबरोबर केलेली मजुरी लिहिली, तर ती अनुभव म्हणूनच वाचा.