राखणदाराचा प्रमाद

जी शक्ति परक्या जंतूंपासून देहाचें रक्षण करते, तीच घरच्यांवर उलटावी, ही कल्पना मनाला सहजासहजीं पटत नाहीं. परंतु ल्युपस नांवाच्या रोगांत नेमकें हेंच घडतें. माझ्या भाचीला हा रोग जडल्यापासून मीं, वाङ्मयाचा अध्यापक असूनहि, त्याची रीत यथाशक्ति समजून घेतली आहे.

आपल्याच पेशींच्या केंद्रांतील द्रव्याला परकें समजून रोगप्रतिकारशक्ति त्याविरुद्ध प्रतिपिंडें निर्माण करते. त्या द्रव्याची व प्रतिपिंडांची गुंतवळ मूत्रपिंडांत जाऊन बसते. कांहीं तर तेथेंच तयार होते. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. तेथें ही गुंतवळ सांचली, कीं रक्तांतील पूरक प्रथिनें जागीं होतात, पांढऱ्या पेशी धांवून येतात आणि दाह भडकतो. चोर नसतां ‘चोर, चोर’ असा गलका व्हावा आणि झोडपाझोडपींत घरचींच भांडीं फुटावीं, तशांतला हा प्रकार! गाळणी निकामी होऊं लागली, कीं प्रथिनें मूत्रांत उतरतात, पायांवर सूज येते, रक्तदाब वाढतो. मूत्रपिंड मात्र बहुधा दुखत नाहीं. परीक्षेवांचून त्याची तक्रार कोणाला ऐकूं येत नाहीं.

अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर हिचे वडील १९४१ सालीं ल्युपसनें गेले. ती स्वतः १९६४ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, मूत्रपिंडें निकामी होऊन वारली. आज स्टेरॉइडांच्या जोडीला इतर औषधें आलीं आहेत. मूत्रपिंडाच्या या विकारासाठीं अमेरिकेंत बेलिम्युमॅबला २०२० मध्यें व व्होक्लोस्पोरिनला २०२१ मध्यें मान्यता मिळाली. या औषधांचें सूत्र एकच: राखणदाराला आवरणें. पण तो फार आवरला गेला, तर खऱ्या चोराला दार मोकळें होतें. म्हणून मात्रेचा तोल डॉक्टरांनींच सांभाळावयाचा असतो.

हें सर्व लिहिण्यास कारण असें, कीं सध्यां आमच्याकडे भाचीसाठीं स्थळें पाहणें चालू आहे, आणि ‘गोळ्यांनीं चेहरा सुजतो, चार महिने त्या बंद ठेवा, आजाराचें कोणाला कळूंहि देऊं नका’ असा सल्ला वडील मंडळी देऊं लागली आहेत. या रोगाच्या दर दहा रुग्णांत सुमारें नऊ स्त्रिया असतात आणि तो बहुधा तारुण्यांतच गांठतो. तेव्हां असा सल्ला इतरहि घरांत दिला जात असेल. औषध मध्येंच सोडलें, तर शमलेला दाह पुन्हां पेट घेतो, हें त्या मंडळींना ठाऊक नाहीं. त्यांच्या मायेविषयीं मला संशय नाहीं. परंतु रक्षणाच्या भरांत घरच्यांवरच घाव घालणारा एक राखणदार पोरीच्या देहांत आहे, तेवढा पुरे. घरांत दुसरा नको.