आकाशातून आग मागणारे



आमच्या धर्मग्रामातली काही मुले रविवारच्या मिस्सानंतर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवणारा तो ‘डन्जन मास्टर’. खलनायकही त्यानेच रचायचा.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता. तेवढे ऐकून आम्ही एका मुलाला सर्वांदेखत म्हणालो, “हा खेळ सोड, नाहीतर दृढीकरणाच्या वर्गाला येऊ नकोस. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.” तो यायचा थांबला. दोन महिन्यांनी फादरांनी आम्हालाच त्याच्या घरी पाठवले.

तो वहीत एक धर्मवेडा पुरोहित रचत बसला होता. म्हणाला, “सर, हा खराच वाटत नाही. नुसता ओरडतो.”

शिकवायची सवय जात नाही. आम्ही त्याला प्रेषितांच्या कृत्यांतला शौल सांगितला. स्तेफनावर धोंडे पडत होते तेव्हा शौलाच्या हातात धोंडा नव्हता. धोंडे मारणाऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायाशी होती. पुढे तो घरोघरी शिरून स्त्रीपुरुषांना तुरुंगात टाकू लागला. हे सारे त्याने देवाचा द्वेष करून नव्हे, देवाची सेवा समजून केले. आम्ही म्हणालो, “तुझ्या पुरोहिताचे आधी कशावर तरी खरे प्रेम असू दे. मग त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होऊ दे.”

मुलाने थोडा विचार केला आणि पुरोहिताच्या तोंडी एक वाक्य लिहिले: ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.’

त्याने आम्हाला टोमणा मारला नव्हता. त्याला ते वाक्य फक्त खरे वाटले होते. आमची मान खाली गेली.

लूकच्या शुभवर्तमानात शोमरोनी गावाने प्रभूला जागा दिली नाही, तेव्हा त्या गावावर आकाशातून आग पाडू का, असे विचारणारे याकोब आणि योहान होते. ते शत्रू नव्हते, प्रभूच्या अगदी जवळचे शिष्य होते. प्रभूने गावाला नाही, त्यांनाच धमकावले. धर्मवेड बाहेरून येते असे आम्ही समजत होतो. ते आमच्या आवेशातूनच उगवते; फक्त प्रीती त्यातून निघून गेलेली असते.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. पुढच्या रविवारी तो वर्गाला आला.

त्याच्या खेळात एका मुलीने त्या पुरोहिताला मारण्याआधी नावाने हाक मारून परत बोलावले. फासा कमी पडला, पुरोहित वळला नाही. पण हनन्यानेही भीत भीतच छळ करणाऱ्या शौलाला ‘भाऊ’ म्हटले होते आणि तिथून पौल घडला.

हे प्रभो, तुझ्या नावाने आम्ही कोणाला दाराबाहेर ठेवले असेल, तर त्याचा चेहरा आज आम्हाला दाखव. आमेन.