उपासाचे सहा हजार

मंगळवारचा कडक उपास असलेल्या बाईकडून रात्रीच्या जेवणाचे सहा हजार रुपये घेतले, कर वेगळा. मला ते अजून पचलेलं नाही. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. जागा अंदमानातलं हॅवलॉक बेट. २०१८पासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण तिकिटापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात.

मराठी माणूस अंदमानला का जातो हे सांगायला नको. सेल्युलर जेल झालं, सावरकरांच्या कोठडीत सासूबाई बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि मग बोटीने हॅवलॉक. साल २०२४, नाताळची सुट्टी. मुलांची शाळा आणि नवऱ्याची रजा जुळते का, एवढंच बघून तारखा धरल्या होत्या.

रिसॉर्ट बेटाच्या पूर्व अंगाला. फोटोत कॉटेजच्या पायरीला समुद्र लागलेला. प्रत्यक्षात ओहोटीला पाणी एवढं मागे हटतं की समोर नुसते खडक आणि प्रवाळाचे तुकडे. डुंबायचं तर बेट ओलांडून पश्चिमेच्या राधानगरला जावं लागतं. तो किनारा मात्र सांगतात त्याहून सुंदर आहे. ‘टाइम’ने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं होतं, त्यावर माझी काही हरकत नाही.

हरकत आहे ती काउंटरवर नारळपाण्यासोबत पुढे सरकवलेल्या कागदाला. ‘३१ डिसेंबर, गाला डिनर, अनिवार्य.’ मोठ्यांना माणशी सहा हजार, मुलांना निम्मे. आमचे पाच जणांचे चोवीस हजार झाले.

मी म्हटलं, “आजींचा मंगळवार आहे. त्या जेवणार नाहीत.”

“पॉलिसी है मॅडम, पर पर्सन है.”

“अहो, पण खाणारच नाहीत तर?”

“बुफे है मॅडम. खाना, न खाना, गेस्ट की मर्जी.”

आम्ही बाहेर गावात जेवतो म्हटलं, तर म्हणे जरूर जा, चार्ज लागेल. खोलीतच बसलो तर? चार्ज लागेल. मग मॅनेजरने बुकिंगची मेल उघडून दाखवली. तळाशी, बारीक अक्षरांत, ‘सणाच्या दिवशी विशेष भोजनाचे शुल्क लागू होऊ शकते.’ होऊ शकते! किती, कुणाला, काही नाही. पैसे भरून झालेले, बोटी भरलेल्या, ऐन ३१ डिसेंबरला त्या बेटावर दुसरी खोली मिळायची नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी आवाज चढवला तशी मागच्या रांगेतली दोन कुटुंबंही सरसावली. त्यांना वाटलं असेल, बाई भांडून कमी करून घेतेय, आपलंही होईल. पण तेवढ्यात आमच्या घरच्या कर्त्या पुरुषाने “जाऊ दे ना, सुट्टीत कशाला” म्हणत कार्ड पुढे केलं. मॅनेजरवरचा माझा अर्धा राग तिथून नवऱ्याकडे वळला आणि बराच काळ तिकडेच राहिला.

बेटावर वस्तू महाग असतात हे मला कळतं. डाळ-तांदूळ, गॅस, डिझेल, सगळं चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतं. खोलीचं भाडं पाच हजारांनी वाढवून सांगितलं असतं तर मी कुरकुरत का होईना, भरलं असतं. राग रकमेचा नाही, ती नंतर सांगण्याचा आहे. (रकमेचाही थोडा आहे.)

शिवाय वेळ बघा. अंदमान आपल्या खूप पूर्वेला, पण घड्याळ नाशिकचंच. डिसेंबरात पाचनंतर लगेच सूर्य बुडतो, साडेपाचला अंधार. सूर्याच्या हिशेबाने तिथली मध्यरात्र सव्वाअकरालाच होऊन जाते. सासूबाई सातला आडव्या होणाऱ्या, आणि जेवण सुरू होणार साडेआठला.

गाला म्हणजे थर्मोकोलचे ‘२०२५’, शेगडीवर कोळंबी, पनीर टिक्का, पास्ता आणि छाती हादरवणारा डीजे. उपासाचं म्हणून कलिंगडाच्या फोडी. शेवटी मी थेट भटारखान्यात गेले. तिथल्या बंगाली पोराने, ज्याच्या आजोबांना फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून या बेटावर वसवलं होतं, न विचारता बटाटे उकडले, तूप-जिरं-मिरचीवर परतले आणि वर सैंधव भुरभुरलं. सहा हजारांच्या ताटात सासूबाईंच्या कामाचं तेवढंच.

आणि मग माझं सगळं मुसळ केरात गेलं. सासूबाई झोपायला गेल्याच नाहीत. हाउजीत त्यांची पहिली ओळ लागली. बक्षीस म्हणून पुढच्या मुक्कामात मसाजवर सवलतीचं कूपन मिळालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, नातीबरोबर दोन गाण्यांवर ठेका धरला, बारा वाजता अनोळखी लोकांना ‘हॅपी न्यू इयर’ केलं. “पैसे वसूल झाले गं,” त्या म्हणाल्या. वसूल कसले! पण त्यांना तसं हसताना सासरे गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं, आणि त्या रात्री मलाही, खरं सांगायचं तर, कंटाळा आला नाही.

तरी घरी आल्यावर मी तक्रार पाठवलीच. उत्तर दोन ओळींचं आलं, पाहुण्यांनी कार्यक्रमाचा पुरेपूर आनंद घेतला आहे. सोबत पुरावा म्हणून फोटो, कूपन उंचावून हसणाऱ्या सासूबाई! नवऱ्याने तो फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला.

आनंद झाला म्हणून लपवाछपवी माफ होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत किमतीचा काही भाग आधी दडवून नंतर उघड करणं हाही आहे. हे मला परत आल्यावर कळलं. तुम्ही जाण्याआधी वाचा. मुक्काम २४ किंवा ३१ डिसेंबरला शिवत असेल तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सक्तीचं जेवण आहे का, माणशी किती, उपासवाल्यांना आणि लहानांना सूट काय, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दिलं नाही तर दुसरं रिसॉर्ट बघा. आणि तरीही फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.