तायकिळ्याच्या बाजूने

गाजरगवत म्हणजे परक्यांनी आपल्या पदरात टाकलेला शाप आणि दिसेल तिथे ते उपटणं हाच त्यावरचा उपाय, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आले. आता माझं मत तसं राहिलेलं नाही.

शापाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेचा ‘पीएल ४८०’चा गहू आला आणि त्यातून हे बी आलं. पुण्यात सापडलेल्या या वनस्पतीची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा गोव्यातला आमचा पेडणे महाल पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. त्यामुळे गव्हाला दोष देऊन आमच्या तुये गावातल्या गाजरगवताचा उलगडा होत नाही. ते कुठे उगवतं हे पाहिलं की होतो. औद्योगिक वसाहतीकडच्या रस्त्याची कड, डोंगर कापून टाकलेला मातीचा भराव, नव्या बांधकामांभोवतीची उघडी जमीन, ही त्याची ठिकाणं. दाट कुळागरात ते शिरत नाही. एका झाडाला हजारोंनी येणारं बारीक बी भरावाच्या मातीतून नि गाड्यांच्या चाकांना चिकटून फिरतं. त्याला वाफे तयार करून देणारे आपणच.

ओळखण्याबद्दलही माझा भर बदलला. मी पान दाखवून ‘हेच ते’ म्हणायचे, पण गाजरासारखं दिसणारं ते पान फसवतं. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, ओवा यांचं कूळ फुलोऱ्यावरून कळतं: एकाच जागेतून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे फुटतात. सॉक्रेटिसला दिलेलं हेमलॉक त्याच कुळातलं. गाजरगवत मात्र सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची पांढरी, बारीक, पाच कोपऱ्यांची फुलं फांद्यांच्या टोकांना विखुरलेली असतात. उलट ओलसर बांधावरची गोल पानांची एकपानी गाजराच्या कुळातली! गाजरगवताचं विष म्हणजे पार्थेनिन. त्याने अंगाला खाज सुटते, इसब होतो. परागांनी काहींचा दमा बळावतो. म्हणून उघड्या हातांनी त्याला शिवू नये.

तरीही उपटायचंच असेल तर फुलं येण्याआधी, पानांचा चक्राकार झुबका जमिनीलगत असताना उपटावं. आपल्या मोहिमा निघतात त्या सगळं रान फुललेलं असताना. तेव्हा बी सांडतं आणि मागे पुन्हा उघडी माती उरते. मेक्सिकोतून आणलेला भुंगेरा १९८४ साली बंगळूरजवळ सोडला गेला. तो पावसाळ्यात याची पानं फस्त करतो, पण मोकळी जागा काही तो भरून काढत नाही.

ती भरून काढतो तायकिळा, म्हणजेच टाकळा. टाकळ्याच्या जातीची झाडं दाट माजली की गाजरगवत मागे हटतं, हे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात तपासून पाहिलेलं आहे. आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर तो आपसूक उगवतो. आपण त्याची भाजी खातो आणि चवथीआधी रस्ते ‘साफ’ करताना तोच यंत्राने सपाट करतो. तायकिळा थंडीत वाळतो, म्हणजे वर्षभराची राखण त्याच्याकडून होणार नाही, हे मला मान्य आहे. पण भराव घालणाऱ्याने मातीवर गवत नि तायकिळ्याचं बी टाकलंच पाहिजे आणि कापणाऱ्याने तायकिळा सोडून कापावं, असा आग्रह मी आता ग्रामसभेत धरते. श्रमदानाच्या फोटोंत माझ्या हातात गाजरगवताची जुडी नसेल, त्याला माझा नाइलाज आहे.