वजन उतरवताना

माझ्या लहानपणी काटा म्हणजे साखर कारखान्याचा काटा. उसाची ट्रॉली त्यावर चढली की वडील खाली उतरून आकड्याकडे टक लावून बघायचे. वर्षभराच्या कष्टाचं मोल तिथं ठरायचं. पुढं तालमीत दुसरा काटा भेटला आणि तिथं सगळं उलटं होतं. आकडा जितका खाली, तितके वस्ताद खूश.

गावच्या जत्रेत पोरींची जोड नजरेनंच लावायचे, तोवर ग्रॅमची फिकीर नव्हती. मॅटवर आले आणि ती मागं लागली.

काट्याचा खरा धाक बसला तो लखनौला. कानपूर रस्त्यावर सरोजिनी नगरात 'साई'चं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. महिला कुस्तीचं राष्ट्रीय शिबिर तिथं भरायचं. अमौसीचा विमानतळ जवळच, त्यामुळं विमानं डोक्यावरूनच उतरायची. जूनमध्ये रस्त्याकडेला मलिहाबादच्या दशहरी आंब्यांचे गाडे लागत आणि नेमकं तेव्हाच आमचं वजन उतरवणं चालू असे. जाड स्वेटशर्ट, त्यावर प्लास्टिकचं जॅकेट, त्या उकाड्यात दोरीवरच्या उड्या. थांबून हात खाली सोडला की बाहीतून घामाची धार लागायची. पाण्याचा घोट तोंडात फिरवून थुंकायचा. हरियाणाची एक मैत्रीण आंबा नाकाशी धरून बराच वेळ नुसता हुंगत बसली आणि मग तो तिनं मेसमधल्या काकांना देऊन टाकला.

लोक याला त्याग म्हणतात. मला तसं वाटत नाही. पाणी दुसऱ्या दिवशी परत येतं, आंबाही पुढच्या आठवड्यात खाता येतो. जे परत येत नाही, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

माझ्यावर ती वेळ वजनगटावरून आली. मी ५८ किलोत होते आणि त्याच गटात गीता फोगाट, साक्षी मलिक अशी नावं होती. ५३ ला उतर, तिथं वाव आहे, असा सल्ला मिळाला. पण पाच किलो म्हणजे नुसतं पाणी नव्हे, अंगातली ताकदही जाते. आधीच माझी पाळी महिनोन्महिने येत नव्हती, झोप उडाली होती. मी नाही म्हटलं आणि ५८ लाच राहिले. २०१६ मध्ये साक्षीनं रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच गटात कांस्य जिंकलं. भारताची जर्सी माझ्या अंगावर कधी आली नाही. ते दुःख अजून आहे, पण ती किंमत मी स्वतः ठरवून मोजली.

किंमत एकटा पैलवानच मोजतो, असंही नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. पदकाची किंमत मोजणारे असे किती हात असतात! म्हणूनच कोण काय देतंय, हे त्याला विचारून ठरलं पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यानं अंतिम फेरीआधी अपात्र ठरली, तेव्हा मी रात्रभर जागी होते. २०१८ पासून वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होतं, अंतिम फेरीसाठी दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिनं रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले. सगळे शंभर ग्रॅमवर बोलत राहिले. मला मात्र ५३ वरून ५० ला उतरलेलं तिचं शरीर दिसत होतं. ५३ ची जागा अंतिम पंघालनं मिळवली होती, विनेशला दुसरी वाट कुठं होती?

आता मी गावातल्या तालमीत मुलींना शिकवते. एकीचा बारावीचा पेपर आणि निवड चाचणी एकाच आठवड्यात आली आहे. वडील म्हणतात, परीक्षा पुढच्या वर्षी देईल. आई म्हणते, कुस्ती पुढच्या वर्षी खेळेल. दोघांनाही बाहेर बसवून मी पोरीलाच विचारलं. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले आहेत. ते मी तिला मिळवून देणार, वडिलांशी भांडावं लागलं तरी.