न्हाणीघरातला काळोख

माणसाने म्हातारपणी नवा छंद धरू नये आणि जुना तर मुळीच धरू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. परंतु गेल्या चैत्रात माळा आवरताना वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा हाती लागला, आणि ते मत ऐकण्याच्या मनःस्थितीत मी राहिलो नाही.

बडोद्याला तयार झालेला हा काळा ठोकळा एके काळी मध्यमवर्गीय घरांचे भूषण होता. त्याला ना सेल लागतो, ना फारसे शहाणपण. मागच्या तांबड्या काचेत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये चौकोनी फोटो बारा. माझ्या खिशातल्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यांतले बारासुद्धा मी पुन्हा पाहिलेले नाहीत.

मुंबईहून इलफर्डची १२० नंबरची कृष्णधवल फिल्म मागवली. पहिला फोटो तुळशीवृंदावनाचा काढला आणि पुढच्यासाठी चार दिवस थांबलो. बारांतला एक खर्च होणार म्हटल्यावर डोळे मोठे चिकट होतात! इतके निरखून मी कित्येक वर्षांत कशाकडे पाहिले नव्हते.

रोल संपला आणि प्रश्न उभा राहिला : धुणार कोण? लहानपणी आमच्या घरी रोल धूत असे तो दादा, माझा थोरला भाऊ. मी नुसता बादली धरणारा. दादा आजही दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. पण गावचे घर विकण्यावरून आमचे बिनसले, आणि गेली सहा वर्षे माझ्या वहाणा त्या दिशेने वळल्या नव्हत्या.

शेवटी गेलो. दारातच म्हणालो, "रोल धुवायचा आहे."

दादाने माझ्याकडे पाहिले नाही, कॅमेऱ्याकडे पाहिले. "बाबांचा?" एवढेच विचारले. मग म्हणाला, "रात्री ये. बर्फ आण. डेव्हलपर वीस अंशांवर आणायला हवा."

रात्री रसायने, टाकी आणि बर्फ घेऊन गेलो. शिवाय मोठ्या ऐटीने एक तांबडा बल्बही नेला. दादा हसला. "अरे, तांबडा दिवा कागदावर छापताना. ही फिल्म तांबडा उजेडसुद्धा टिपते. हिला काळोखच पाहिजे."

न्हाणीघराच्या दाराची फट चादरीने बुजवली आणि दिवा मालवला. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख! दादा कागदापासून फिल्म सोडवू लागला. पण ती चक्रीत शिरेना. त्याची बोटे थरथरत होती. मला ते दिसत नव्हते, ऐकू येत होते.

"तू कर," तो म्हणाला. "मी सांगतो. कडेला धर. हळू."

मी फिल्म सरकवू लागलो. थोड्या वेळाने काळोखातून आवाज आला, "घर विकण्याआधी तुला विचारायला हवं होतं."

हातातली फिल्म तशीच राहिली. मी म्हणालो, "मीही त्या दिवशी वहिनींसमोर नको ते बोललो, दादा."

"थांबू नकोस. सरकव."

टाकीचे झाकण लागले, दिवा लागला. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. दोघेही घड्याळाकडे पाहत राहिलो. जिथे उजेड पडला ती चांदी डेव्हलपरमध्ये काळी होते आणि उरलेली हायपो विरघळवून नेतो, हे दादाने मला नव्याने सांगितले. मला ते ठाऊक होते. तरी ऐकून घेतले.

वहिनींनी चहा आणला, तेव्हा फिल्म दोरीवर टांगलेली होती. सात फोटो बरे होते, चार पार बिघडले होते. आणि अगदी पहिल्यावर तुळस व आमच्या सौभाग्यवती एकाच वृंदावनात उगवल्या होत्या! चार दिवस थांबण्याच्या नादात मी चावी फिरवायलाच विसरलो होतो.

गावचे घर आता परत यायचे नाही. त्याविषयी आम्ही पुन्हा बोललोही नाही. निघताना दादाने विचारले, "पुढचा रोल कधी?"

"दिवाळीत. पहिला फोटो तुझा आणि वहिनींचा."

"बरं," दादा म्हणाला, "पण चावी फिरव म्हणजे झालं."